लाफिंग बुद्धा, जंभाल आणि कोलिकांची श्रेणी : धनाच्या मूर्तींचा खरा इतिहास



गेल्या वर्षावासात आम्ही इचलकरंजीतल्या एका तरुण उपासकाच्या दुकानाच्या उद्घाटनाला गेलो होतो. या मुलाने बारा वर्षे मागावर काढली. पिकावर मजुरी, बारा तासांची पाळी, आठवड्याआड रात्रपाळी. मालकाने माग भंगारात घातले तेव्हा तो रडत बसला नाही. मोबाईल दुरुस्ती शिकला, कर्ज काढले आणि गाळा घेतला. दुकानात शिरताच समोर बाबासाहेबांची तसबीर, वर तथागतांची मूर्ती. आम्हाला आनंद झाला. मग नजर गल्ल्याकडे गेली. गल्ल्याच्या एका बाजूला पोटावर हात ठेवून हसणारा लाफिंग बुद्धा आणि दुसऱ्या बाजूला तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एक ठेंगणी मूर्ती. तिच्या एका हातात फळ, दुसऱ्या हातात मुंगूस आणि मुंगसाच्या तोंडातून रत्ने ओघळत आहेत.

"दादा, हा जंभाल. बौद्धांचा कुबेर. हाताने घडवलेला हाय, नेपाळचा. अकरा हजाराला पडला," तो म्हणाला. "लक्ष्मी नको म्हणून ह्यो आणला. बावीस प्रतिज्ञा मोडल्या न्हाईत बघा."

त्याची आई मागे स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "लक्ष्मी बाहेर काढली आन तिचा दीर आणून बसवला."

सगळे हसले. आम्हीही हसलो, पण परत येताना कार्यकर्त्यांत वाद पेटला. एकजण म्हणाला, हा सगळा ब्राह्मणी घुसखोरीचा प्रकार आहे, बुद्धाच्या धम्मात यक्षबिक्ष कधी नव्हतेच. दुसरा म्हणाला, अजिंठ्यात मूर्ती कोरली आहे, मग ती आपली नाही कशी? आमचे म्हणणे असे की दोघेही अर्धवट बोलत होते. आणि हा वाद नुसत्या शोभेच्या वस्तूचा नाही. मागावरून उतरलेल्या माणसाने कर्जाच्या पैशातले अकरा हजार रुपये एका मुंगसावर का घालवावेत, हा तो वाद आहे.

आधी लाफिंग बुद्धाचे प्रकरण मिटवू, कारण ते सोपे आहे. तो सिद्धार्थ गौतम नाही. तो दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा एक चिनी भिक्षू. खांद्यावर कापडी पिशवी घेऊन गावोगाव भिक्षा मागत फिरायचा, म्हणून लोक त्याला बुदाई, म्हणजे 'कापडी पिशवी', म्हणू लागले. पुढे त्याला मैत्रेय बुद्धाचा अवतार मानले गेले. जपानात तो होतेई झाला आणि सात भाग्यदेवतांच्या पंगतीत जाऊन बसला. म्हणजे ज्याच्याकडे भिक्षेच्या पिशवीशिवाय काही नव्हते, त्याला आपण गल्ल्याचा राखणदार केले! आणि तो स्वतः विकत घ्यायचा नसतो, कुणीतरी भेट द्यावा लागतो, हा नियम कुठल्या सुत्तात आहे? कुठल्याच नाही. तो भेटवस्तूंच्या दुकानातला नियम आहे, आणि दुकानदाराच्या दृष्टीने फार सोयीचा आहे.

जंभालाचे तसे नाही. तो खरोखर आपल्या लेण्यांतला आहे आणि त्याचा इतिहास नीट समजून घ्यावा लागेल.

यक्ष हे या देशातल्या सामान्य लोकांचे दैवत. झाडाखाली, तळ्याकाठी, गावच्या वेशीवर त्यांचे ठाणे असे. वैदिक पुरोहितांनी त्यांच्याकडे कसे पाहिले? शतपथ ब्राह्मणात कुबेर वैश्रवण येतो तो राक्षसांचा राजा म्हणून, आणि त्याची प्रजा म्हणजे चोर-दरोडेखोर. लोकांच्या धनदैवताला चोरांचा राजा ठरवायचे आणि पुढे ते लोकांच्या मनातून जात नाही असे दिसले की त्यालाच उत्तर दिशेचा लोकपाल करून आपल्या देवळात घ्यायचे, ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. बुद्धाच्या बाबतीत हेच झाले. त्यालाही विष्णूचा अवतार करून टाकले, आणि म्हणूनच बाबासाहेबांना ती प्रतिज्ञा स्वतंत्रपणे घ्यायला लावावी लागली.

बौद्धांनी यक्षाचे काय केले? त्याला मारले नाही, शिव्या दिल्या नाहीत आणि गाभाऱ्यातही बसवले नाही. त्याला दारात उभे केले. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या भरहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर एका खांबावर हात जोडलेला यक्ष कोरला आहे आणि त्याच्या शेजारी ब्राह्मी लिपीत नावही लिहिले आहे : कुपिरो यखो, म्हणजे कुबेर यक्ष. तो उत्तरेच्या प्रवेशद्वाराचा पहारेकरी आहे. त्याचे हात जोडलेले आहेत, हे विसरू नका. लोक त्याला नमस्कार करत नाहीत, तोच स्तूपाला नमस्कार करतो आहे. याच भरहुतला 'सिरिमा देवता'ही आहे. जिला पुढे लक्ष्मी म्हणून ब्राह्मणी देवळांनी एकहाती ताब्यात घेतले, ती श्री तिथे कठड्यावरची एक लोकदेवता आहे.

आपल्या महाराष्ट्रात या. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातल्या चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीत कमळाच्या पाकळ्यांमध्ये गजलक्ष्मी कोरली आहे. तिथेच चंद नावाच्या एका यवनाच्या दानाचा लेख आहे. म्हणजे ग्रीक वंशाच्या किंवा तसे म्हणवणाऱ्या माणसाचे दान, बौद्धांचे चैत्य आणि कमानीवर गजलक्ष्मी. लक्ष्मी बाहेर, स्तूप आत.

पितळखोऱ्याचा यक्ष तर आम्हाला सर्वांत प्रिय. बुटका, ढेरपोट्या, डोक्यावर परडीसारखे भांडे पेललेला आणि तोंडभर हसणारा. सध्या तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो पाहिल्यावर वाटते, हसरा ढेरपोट्याच हवा असेल तर चीनपर्यंत जायची गरज काय? बुदाईच्या हजार वर्षे आधी सह्याद्रीच्या कातळाने तो दिला आहे. पण खरी गोष्ट त्याच्या हसण्यात नाही, हातावर कोरलेल्या लेखात आहे. तिथे लिहिले आहे की ही मूर्ती कण्हदास नावाच्या हिरंमकाराने, म्हणजे सोनाराने केली.

यावर थोडे थांबू. आज आपण 'हॅण्डमेड' मूर्तीला दुप्पट पैसे देतो, पण ती कुणाच्या हातांनी केली हे कुणी सांगत नाही. खोक्यावर देशाचे नाव असते, माणसाचे नसते. दोन हजार वर्षांपूर्वी सोनाराने आपले नाव आणि आपला धंदा यक्षाच्या हातावर कोरला आणि संघाने ते कोरू दिले. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजा केला, हे तिथल्या लेखात नोंदले आहे. आपल्या कोल्हापुरातही ब्रह्मपुरी परिसराचा जुना बौद्ध वारसा आहे. 19व्या शतकात कोल्हापुरात स्तूपाचे अवशेष निघाले. त्यात धातुकरंडकाच्या दगडी पेटीवर लेख मिळाला : बम्हाचे दान, धम्मगुत्ताने करवले. देणाऱ्याचे नाव आहे आणि काम पार पाडणाऱ्याचेही. पुढच्या काळात जातिव्यवस्थेने घडवणाऱ्याला शूद्र ठरवले, प्राणप्रतिष्ठा करणाऱ्याला भूदेव केले आणि मूर्तीवरून हाताचे नाव पुसून टाकले. हाताने घडवलेल्या मूर्तीचा अभिमान बाळगायचा असेल तर तो या नावांचा बाळगा.

आता अजिंठा. लेणे क्र. 2, पाचव्या शतकाचा उत्तरार्ध, वाकाटक राजा हरिषेणाचा काळ. मधल्या गाभाऱ्यात धम्मचक्र मुद्रेतले तथागत. दोन्ही बाजूंना दोन छोटे गाभारे. एकात शंखनिधी आणि पद्मनिधी, म्हणजे धनाच्या ठेव्यांनाच दिलेली माणसाची रूपे. दुसऱ्यात पांचिक आणि हारिती. पांचिक हा कुबेराचा सेनापती, धनाचा यक्ष. हारिती त्याची बायको. तिची गोष्ट अशी की ती राजगृहातली लेकरे पळवून खायची. तिची स्वतःची पाचशे मुले. बुद्धाने तिचे धाकटे पोर आपल्या भिक्षापात्राखाली लपवले. ती वेड्यासारखी शोधत आली तेव्हा बुद्धाने विचारले, पाचशेतले एक गेले तर तुझी ही अवस्था, मग ज्यांचे एकुलते एक तू नेलेस त्यांचे काय? त्या दिवसापासून ती लेकरांची राखण करू लागली आणि संघाने तिला रोजच्या अन्नातला वाटा द्यायचे कबूल केले.

अजिंठ्याला गेलात तर या मूर्तीच्या पायाशी वाकून बघा. गाइड बहुधा दाखवत नाही. आसनाच्या पट्टीवर शाळा कोरली आहे. हातात छडी घेतलेले गुरुजी आहेत, पुढची पोरे अभ्यास करत आहेत आणि मागची पोरे मेंढ्यांची टक्कर लावण्यात रमली आहेत. धनाच्या यक्षाच्या आणि लेकरांच्या यक्षिणीच्या पायाशी कारागिराला शाळा कोरावीशी वाटली. आमच्या मते साऱ्या महाराष्ट्रात धनाच्या मूर्तीवर केलेले इतके चांगले भाष्य दुसरे नाही.

औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेण्यात हेच जोडपे व्हरांड्याच्या टोकाला बसले आहे. त्याच व्हरांड्यात अवलोकितेश्वराचा प्रसिद्ध पट आहे. आग, दरोडेखोर, जहाज फुटणे, साप, हत्ती, सिंह अशा संकटांत सापडलेली माणसे त्याला हाक मारत आहेत. ही संकटे कुणाची? तांड्याने आणि जहाजाने फिरणाऱ्या व्यापाऱ्याची. ज्यांच्या दानातून लेणी उभी राहिली त्यांची भीती आणि त्यांची आशा दोन्ही व्हरांड्यात कोरल्या गेल्या. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की विहारांत हारितीची प्रतिमा दारापाशी किंवा भोजनगृहाच्या कोपऱ्यात असते आणि तिच्यापुढे रोज अन्न ठेवतात. सोन्याची थैली धरलेला महाकाल स्वयंपाकघराच्या खांबाशी बसवलेला असतो आणि तेल पुसून पुसून काळा पडलेला असतो. चीनच्या मठांतही ढेरपोट्या मैत्रेय पहिल्याच दालनात, चार लोकपालांच्या सोबत असतो. म्हणजे तोही दारातच!

आता हातातल्या खुणा. जंभालाच्या हातातले फळ म्हणजे म्हाळुंग, बियांनी भरलेले, म्हणून सुबत्तेचे चिन्ह. मुंगसाचा उलगडा अभ्यासक असा करतात की पूर्वी नाण्यांची थैली मुंगसाच्या कातड्याची असे. ती थैली मूर्तिकारांच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेली आणि शेवटी जिवंत मुंगूसच रत्ने ओकू लागले. थोडक्यात, तो पाकीट आहे. अकरा हजाराचे पाकीट!

इथे कोल्हापूरकरांसाठी एक बाजूची गोष्ट. अंबाबाईच्या उजव्या खालच्या हातातही म्हाळुंग आहे. एवढ्यावरून आपल्यातले काहीजण लगेच जाहीर करतात की ती मूळची बौद्ध देवता. मित्रांनो, एवढी घाई करू नका. म्हाळुंग लकुलीशाच्या हातातही असते आणि तो शैव आहे. ही चिन्हे त्या काळी सर्वांच्या सामाईक भांडारातली होती. एका फळावरून अख्खे देऊळ सिद्ध होत नाही. पुराव्याशिवाय बोलायचे ते पुराणिकांनी. आपण बाबासाहेबांचे विद्यार्थी आहोत. आपला एक कच्चा दावा खोटा ठरला की आपले नव्व्याण्णव पक्के दावेही लोक हसण्यावारी नेतात.

मग विहार चालत कशावर होते? मुंगसाच्या रत्नांवर? याचे उत्तर नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत कोरलेले आहे आणि ते इचलकरंजीच्या माणसाने तरी पाठ करायला हवे. लेणे क्र. 10, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख. त्याने संघासाठी 3000 कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल कधी मोडायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. ही रक्कम कुठे ठेवली? राजाच्या खजिन्यात नाही, सावकाराकडेही नाही. गोवर्धन गावातल्या कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, श्रेणींकडे ठेवली. 2000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने आणि 1000 दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. वर्षावासातल्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. हिशेब करून बघा : दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस भिक्खूंना वाटले की बरोबर बारा. पै न पै जुळते. आणि हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, हेही लिहिले आहे.

उषवदात काही समतेचा शिलेदार नव्हता. हाच माणूस त्याच लेण्यात ब्राह्मणांना तीन लाख गाई दिल्याची फुशारकी मारतो. त्याला मोठे करायचे कारण नाही. मोठे आहेत ते गोवर्धनचे विणकर. राजाचा जावई आपली कायमची ठेव ज्यांच्या हवाली करतो, ती त्यांची पत. माग चालत राहील, कापड विकले जाईल, व्याज येत राहील, ही खात्री तिथे दगडात कोरली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी विणकर हे या मातीतले बँकर होते. आणि ज्या इचलकरंजीत 1904 साली पहिला यंत्रमाग आला, ज्या गावाला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात, तिथल्या माग कामगाराला आज बँक दारात उभे करत नाही. त्याची बायको चार फायनान्सच्या गटांत अडकलेली असते आणि आठवड्याच्या हप्त्याला शेजारणीकडे उसने मागते. गोवर्धनच्या श्रेणीकडे पत कशामुळे होती? संघटनेमुळे. एकेका विणकराला कुणी दोन हजार दिले नसते. आमच्या खर्चीवाल्याकडे आणि कामगाराकडे नेमके तेच नाही, आणि ती उणीव भरून काढायला मुंगूस येणार नाही.

प्रतिज्ञांचा मुद्दा राहिला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दिलेल्या प्रतिज्ञांत गौरी-गणपती आणि हिंदू धर्मातल्या देवदेवता नाकारल्या आहेत, जंभालाचे नाव नाही, हे अक्षरशः खरे. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अलौकिकावरच्या विश्वासाला अधम्म म्हटले आहे. मूर्ती पैसा देते हा विश्वास अलौकिकावरचा नाही तर कशावरचा? मूर्तीला बाबासाहेबांचा विरोध नव्हता. 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडला त्यांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. ती मूर्ती रंगूनहून आणलेली होती. पण ती समोर बसून विचार करण्यासाठी होती, मागण्यासाठी नव्हती.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. जंभाल कला म्हणून ठेवा, इतिहास म्हणून ठेवा, पोरांना मुंगसाची गोष्ट सांगण्यासाठी ठेवा. नेपाळातल्या पाटणचे कारागीर मेणाचा नमुना करतात, त्यावर मातीचे लेप देतात, मेण वितळवून तांबे ओततात, महिनोन्‌महिने छिन्नी चालवतात, आणि पाऱ्यातून सोन्याचा मुलामा चढवताना विषारी वाफ छातीत घेतात. त्या कष्टाची किंमत जरूर द्या. आमच्या माग कामगाराच्या फुप्फुसातला कापसाचा धुरळा आणि त्यांच्या छातीतली पाऱ्याची वाफ ही एकाच घरची दुखणी आहेत. पण कर्ज काढून आणि बरकतीच्या आशेने आणू नका.

हे सगळे आम्ही त्या मुलाला पुढच्या पौर्णिमेला विहारात सांगितले. त्याने शांतपणे ऐकले. मग आम्ही सिगालोवाद सुत्तातला हिशेब सांगितला : मिळकतीचे चार वाटे करावेत, एक घरखर्चाला, दोन धंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी राखून.

तो म्हणाला, "दादा, चार वाटे झाले. मग हप्ता कुठल्या वाट्यातनं भरायचा?"

आम्ही म्हणालो, बुद्धाने गृहस्थाच्या चार सुखांत ऋण नसण्याचे सुख वेगळे सांगितले आहे. तो म्हणाला, "ते ठावं हाय. पण हप्ता पाच तारखेला हाय."

त्या रात्री दुकान बंद झाल्यावर आम्ही चौघे त्याचे कर्जाचे पासबुक, वीजबिल आणि गाळ्याची भाडेपावती घेऊन काउंटरवर बसलो. त्याच्या आईने चहा केला. साडेअकरापर्यंत आकडे मांडले. त्याच गल्लीतली माग सुटलेली आणखी सात पोरे गोळा करून दरमहा पाचशेची ठेव सुरू करायचे ठरले. वहीच्या पहिल्या पानावर काय लिहायचे असे त्याने विचारले, तेव्हा आम्ही गोवर्धनच्या कोलिकांचे नाव सुचवले. मूर्ती गल्ल्याशेजारीच होती. वही सापडेना म्हणून त्याने ती उचलून बाजूला ठेवली, आणि वही तिच्याच खाली निघाली.